नंबर पोर्ट करताय? या चुका टाळा

दोन-चार दिवस रेंज गेली की माणूस वैतागतो आणि त्याच तिरमिरीत नंबर पोर्ट करायला, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलायला निघतो. पोर्ट जरूर करा, तो आपला हक्क आहे. २० जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे, आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेलो तरी नंबर तोच ठेवता येतो. फक्त आता त्याच नंबरावर बँक, आधार, गॅस, यूपीआय सगळं अवलंबून असतं. तळकोकणात नातेवाइकांची आणि शेजाऱ्यांची पोर्टिंगं मी जवळून पाहत आलोय. त्रास झाला तो बहुतेकांना नव्या कंपनीमुळे नाही, तर कशाआधी काय करायचं ते चुकल्यामुळे.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दोष कुठे आहे ते न बघताच कंपनी बदलणं. माझ्या मावशीचं घर जांभ्या चिऱ्याचं, भिंती चांगल्या जाड. ओटीवर रेंजच्या तीन दांड्या, माजघरात एखादी, स्वयंपाकघरात तीही नाही. फोन कानाला लावला की आवाज तुटायचा. पोर्ट करायचं पक्कं ठरलं होतं. त्याआधी तिचं सिम भाच्याच्या फोनमध्ये घालून त्याच जागी उभं राहून फोन लावला, तर आवाज स्वच्छ. मग तिचा फोन नीट पाहिला. कॉल लागताना वरचं ४जी जाऊन तिथे ई दिसत होतं, म्हणजे कॉल जुन्या २जीवर जात होता. सेटिंगमध्ये सिमच्या पानावर व्होल्टी, म्हणजे ४जीवरूनच कॉल लावायची सोय, बंद पडलं होतं, ते चालू केलं आणि निम्मा त्रास तिथेच संपला.

म्हणून आधी ही अदलाबदल करा: आपलं सिम दुसऱ्याच्या फोनमध्ये, दुसऱ्या कंपनीचं सिम आपल्या फोनमध्ये. जागा तीच, वेळही तीच. शक्यतो संध्याकाळी सात ते नऊ पाहा, कारण त्या वेळी टॉवरवर गर्दी असते आणि सकाळी मिळणारा वेग रात्री मिळेलच असं नाही. कंपनीच्या नकाशावर आपलं गाव रंगवलेलं दिसलं, एवढ्यावर विसंबू नका. तो नकाशा घराबाहेरचं सांगतो, आपल्याला बोलायचं असतं घरात. आणि घरी ब्रॉडबँड असेल तर वायफाय कॉलिंग चालू करून बघाच. बहुतेक नव्या फोनमध्ये ते असतं, त्याला वेगळे पैसे लागत नाहीत, आणि चिऱ्याच्या घरात ते टॉवरपेक्षा भरवशाचं ठरतं.

इतकं करूनही कंपनी बदलायचीच असेल, तर पुढची गोष्ट नावाची. गावाकडे कितीतरी सिम वारलेल्या वडिलांच्या नाहीतर मुंबईतल्या मुलाच्या नावावर असतात. वर्षानुवर्षं चालतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. पोर्ट करताना नव्याने केवायसी, म्हणजे ओळखीची तपासणी होते, तिथे हे उघडं पडतं. आधी जुन्याच कंपनीकडे नाव बदलून घ्या. वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि आपलं ओळखपत्र न्या. नाव बदलण्याचा अर्ज पुरा होईपर्यंत पोर्टसाठी जुन्या कंपनीकडून लागणारा कोड निघत नाही, तेवढी वाट पाहावी लागते. आपल्या नावावर किती नंबर आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतं. तिथे अनोळखी नंबर दिसला तर लगेच कळवा.

कोड मिळवणं सोपं आहे. इंग्रजीत पोर्ट हा शब्द, मग जागा सोडून आपला दहा आकडी नंबर, असा मेसेज १९०० वर पाठवायचा. ‘आधी रिचार्ज मारा, मगच मेसेज जाईल’ असं दुकानदार सांगतात. ते ऐकू नका. रिचार्ज संपलेला असला तरी १९०० ला मेसेज गेला पाहिजे, असा ट्रायचा, म्हणजे दूरसंचार नियामकाचा आदेश आहे. आठ अक्षरी कोड येतो आणि आपल्याकडे तो चार दिवस चालतो, तेव्हा दुकानात जायची तयारी झाल्यावरच मागवा. सिम घेऊन किंवा आधीच्या पोर्टला ९० दिवस झाले नसतील, किंवा पोस्टपेडचं बिल थकलं असेल, तर कोड मिळत नाही. सिम हरवलं म्हणून त्याच नंबराचं नवं घेतलं असेल तर त्यानंतर ७ दिवस थांबावं लागतं. फसवणूक रोखायला हा नियम १ जुलै २०२४ पासून आहे आणि तो योग्यच आहे. हा कोड फोनवरून कोणालाही सांगू नका.

पोर्टच्या आधी मोठा रिचार्ज मारू नका. उरलेले पैसे आणि दिवस नव्या कंपनीत येत नाहीत.

दिवसही विचारपूर्वक निवडा. त्याच सर्कलमध्ये, म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात पोर्ट व्हायला साधारण ३ कामाचे दिवस लागतात, दुसऱ्या सर्कलमधून ५. गोवा महाराष्ट्र सर्कलमध्येच येतो, पण मुंबई वेगळं सर्कल आहे. त्यामुळे पणजीचा नंबर सावंतवाडीत लवकर होतो, दादरचा उशिरा. जुनं सिम बंद पडलं की नवं घाला, तोवर जुनं काढू नका. मधले काही तास फोन मुका असतो, आणि नवं सिम चालू झाल्यावरही बँकेचे ओटीपी लगेच येतीलच असं नाही. यूपीआय अ‍ॅप पुन्हा नंबर तपासतं, त्यासाठी फोनमधून मेसेज जावा लागतो, म्हणून सिम चालू झाल्याझाल्या मेसेज असलेला रिचार्ज करा. घरात कोणी दवाखान्यात असताना किंवा प्रवेशाची फी भरायची असताना या भानगडीत पडू नका. चार दिवसांच्या खर्चाचे पैसे रोख जवळ ठेवा.

पोर्टचा अर्ज केलेला नसताना फोन अचानक मुका झाला आणि शेजारच्या, त्याच कंपनीच्या फोनला रेंज असेल, तर रेंजची वाट बघत बसू नका. कोणीतरी तुमच्या नावाने दुसरं सिम काढलं असण्याची शक्यता असते. दुसऱ्या फोनवरून आधी बँकेला सांगून व्यवहार थांबवा, मग कंपनीला कळवा. पैसे गेले असतील तर त्याच क्षणी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. तिथे जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.