वेगात हँडल थरथरतंय? कोनसेट आवळण्याआधी हे तपासा

निपाणीकडून बेळगावकडे येताना तवंदी घाट संपला की रस्ता मोकळा मिळतो आणि मोटरसायकल आपसूक सत्तर-ऐंशीला जाते. नेमकं तिथंच हँडल वळवळायला लागलं की भलाभला माणूस घाबरतो. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजला जाते, मिस्त्री कोनसेटचा (हँडल ज्यावर फिरतं त्या गोळ्या-वाट्यांच्या बेअरिंगचा) नट आवळून देतो, चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा तेच सुरू होतं. माझं ठाम मत आहे की या दुखण्यात पाना सगळ्यात शेवटी हातात घ्यावा. बहुतेक वेळा कारण हवेत, टायरमध्ये किंवा लादलेल्या ओझ्यात सापडतं, आणि ते बघायला जवळपास काही खर्च येत नाही.

चालत्या गाडीवर थरथर सुरू झाली तर

ब्रेक दाबू नका, विशेषतः पुढचा. हँडल घट्ट धरून त्याच्याशी झुंजूही नका. हात ताठ केले की तुमच्याच अंगाचा जोर त्या थरथरीत मिसळतो. गुडघ्यांनी टाकी आवळून धरा, अंग थोडं पुढे झुकवा, हात सैल ठेवा आणि अॅक्सिलेटर हळूहळू सोडा. वेग उतरला की थरथर थांबते. मग बाजूला घेऊन उभे राहा. मागे कोणी बसलं असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, की अशा वेळी हलायचं नाही.

नेमकं काय हलतंय?

मेकॅनिकला ‘गाडी हलते’ एवढंच सांगून भागत नाही, कारण हे दोन वेगळे आजार आहेत. हँडल सेकंदाला साधारण ४ ते १० वेळा थरथरत असेल, तेही साठ-सत्तरच्या आसपास आणि अॅक्सिलेटर सोडल्यावर जास्त, तर दोष बहुधा पुढे आहे: टायर, रिम, कोनसेट. पण सगळी गाडी मागून संथ डुलत असेल, सेकंदाला २ ते ४ वेळा, आणि वेग वाढेल तसं डुलणं वाढत असेल, तर मागचं चाक, चिमटा (मागचं चाक ज्यात बसतं ती दांडी), शॉकअप आणि ओझं बघा. कोणत्या वेगाला होतं, एकट्यानं की डबल सीट, उतारावर की सपाटीला, हे कागदावर लिहून ठेवा. कंटेनरच्या मागच्या वाऱ्यात किंवा आडव्या वाऱ्यातच होत असेल तर गाडीत दोष असेलच असं नाही.

हवा, टायर, ओझं

गाडी थंड असताना हवा मोजा. पेट्रोल पंपापर्यंत पळवत नेली की टायर तापतो आणि आकडा फसवा येतो. किती हवा हवी ते गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत असतं, आणि डबल सीटसाठी मागचा आकडा वेगळा दिलेला असतो. ‘कडक भरा’ म्हणून जास्तीची हवा भरून घेणं बंद करा.

मग पुढच्या टायरवरून तळहात फिरवा, एकदा पुढे, एकदा मागे. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टायर खवले धरून झिजलाय. नक्षी शिल्लक दिसली तरी असा टायर थरथरतोच. टायरवरच्या चार आकडी शिक्क्यातले पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे: २३१८ म्हणजे २०१८ सालचा २३ वा आठवडा. इतका जुना टायर कडक होऊन त्याला भेगा पडल्या असतील तर बदला.

पंक्चर काढल्यानंतर त्रास सुरू झालाय? टायरच्या कडेला, रिमला लागून, एक बारीक उठावाची रेघ असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर हवी. एका ठिकाणी आत गेली असेल तर टायर नीट बसलेला नाही. हवा सोडून, कडेला साबणाचं पाणी लावून पुन्हा बसवून घ्या.

खानापूर, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात तांबडी माती रिमच्या आतल्या बाजूला थापते आणि वाळून दगडासारखी होते. एवढ्यानंही चाकाचा तोल जातो. ती खरवडून काढा, मग बाकीचं बोला.

ओझ्याचं गणित आपल्याकडे फार दुर्लक्षित आहे. मागच्या कॅरिअरवर, चाकाच्याही मागे लोंबणारे दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती असली की पुढच्या चाकावरचं वजन कमी होतं आणि हँडल हलकं पडतं. वजन खाली आणि सीटच्या जवळ आणा, दोन्ही बाजूंना सारखं करा. हँडलला पिशव्या अडकवू नका. ओझं उतरवल्यावर थरथर गेली तर कारण सापडलं.

मग चाक आणि कोनसेट

गाडी डबल स्टँडवर घ्या, मागे कोणाला तरी दाबायला सांगून पुढचं चाक अधांतरी करा. फोर्कला, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्याला, रिमच्या जवळ एक तार बांधा आणि चाक फिरवा. तार आणि रिममधलं अंतर २ मिमीपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर रिम आऊट, म्हणजे वाकडी आहे. स्पोकची असेल तर तारा आवळून आऊट निघतो. अलॉय वाकलं असेल तर मी बदलायलाच सांगेन.

आता फोर्कची खालची दोन टोकं धरून पुढे-मागे हलवा. ‘टक्’ असं लागलं तर कोनसेट सैल आहे. हँडल मधोमध ठेवून अगदी सावकाश दोन्हीकडे फिरवा. मध्यावर ते खाचेत बसल्यासारखं अडकलं तर गोळ्यांनी वाट्यांना खड्डे पाडलेत. इथं आवळून काही होत नाही, पूर्ण सेट बदलावा लागतो, वरचा आणि खालचा. उलट जास्त आवळलेला कोनसेटही वाईट. हँडल जड होतं, गाडी सरळ धरता येत नाही आणि डुलायला लागते. नीट बसवलेलं हँडल मध्यावरून जरा ढकललं की आपल्या वजनानं कडेला पडलं पाहिजे.

मागचं चाक धरून आडवं हलवा. खेळ लागला तर चाकाचं बेअरिंग किंवा चिमट्याचे बुश गेलेत. शॉकअपमधून तेल गळतंय का बघा. चेन ओढल्यानंतर डुलणं सुरू झालं असेल तर मागच्या अॅक्सलजवळच्या दोन्ही बाजूंच्या खुणा जुळवा, पण फक्त खुणांवर विसंबू नका. चिमटा चेसिसला जोडणाऱ्या बोल्टपासून मागच्या अॅक्सलच्या मधापर्यंतचं अंतर दोन्हीकडून टेपनं मोजा.

एका वेळी एकच दुरुस्ती करा आणि रिकाम्या रस्त्यावर, दोन्ही हात हँडलवर ठेवून, हळूहळू वेग वाढवत बघा. ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांच्या हंगामात चाचणी सकाळी लवकर घ्या. हात सोडून चाचणी कधीही घेऊ नका.

एवढं करूनही जात नसेल आणि गाडी कधी आपटलेली असेल, किंवा जुनी विकत घेतलेली असेल, तर मागच्या टायरच्या दोन्ही कडांना टेकवून दोन ताणलेले दोरे पुढपर्यंत आणा. हँडल सरळ असताना पुढच्या टायरच्या दोन्ही बाजूंना दोऱ्यापासून सारखी फट दिसली पाहिजे. मागचं चाक सरळ बसवूनही ती सारखी येत नसेल तर फोर्क किंवा चेसिस वाकलेली असू शकते. तेव्हा चेसिस तपासून देणाऱ्या कारागिराकडे गाडी न्या आणि तोवर पन्नासच्या आत चालवा.