खटला रखडलाय आणि जामीन मागायचाय? आधी रोजनामा काढा

‘खटला लांबलाय’ एवढं म्हणून जामीन मिळत नाही. आरोपी किती दिवस आत आहे, कलमाला शिक्षा किती आहे आणि तारखा कोणामुळे पडल्या, हे न्यायाधीश बघतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर रोजनाम्यात, म्हणजे प्रत्येक तारखेला कोर्टात काय झालं याच्या नोंदीत, असतं, आणि नेमका तोच न वाचता अर्ज केले जातात.

रोजनाम्याची प्रमाणित नक्कल काढा. ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर क्रमांकाने (प्रत्येक खटल्याचा स्वतंत्र क्रमांक) तारखा कळतात, पण तारीख का पडली ते पूर्ण कळेलच असं नाही. कागदावर चार रकाने आखा: तारीख, ठरलेलं काम, काय झालं, कोणामुळे. ‘आरोपीस कारागृहातून हजर केले नाही’, ‘साक्षीदारास समन्स बजावले नाही’ या नोंदी तुमच्या कामाच्या. ‘आरोपीच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज’ ही नोंद तुमच्याविरुद्ध. आरोपीमुळे वाया गेलेला काळ कायदाच वजा करतो, म्हणून तो आधी स्वतःच वजा करून मांडा. सरकारी वकील तो दाखवणारच असतात.

मग हिशेब. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला की जामीन. पूर्वी कधीच शिक्षा न झालेल्याला एक तृतीयांशावरच. राहत्या घरातल्या चोरीला कमाल ७ वर्षं, म्हणजे ८४ महिने. पूर्वी शिक्षा न झालेल्याचे २८ महिने, इतरांचे ४२. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये ही तरतूद जुन्या खटल्यांनाही लागू केली. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना मात्र ती नाही, आणि आरोपीवर एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी नाही. दुसरा गुन्हा लपवून केलेला अर्ज इथेच फेटाळला जातो. मुदत भरली की कोर्टाला लेखी कळवणं कारागृह अधीक्षकांवर बंधनकारक आहे. तरी वाट न बघता त्यांना पत्र द्या आणि कोठडीच्या कालावधीचा दाखला मागा.

याआधीची एक मुदत अनेकांच्या हातून निसटते. ६० दिवसांत (१० वर्षं किंवा त्याहून मोठ्या शिक्षेच्या गुन्ह्यांत ९०) दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा हक्कच आहे. पहिल्या रिमांडचा (कोर्टाने कोठडी दिली तो) दिवस धरून मोजा आणि मुदत संपताच अर्ज द्या. अर्जाआधी दोषारोपपत्र दाखल झालं, की हा हक्क गेला.

खुनासारख्या गुन्ह्यात असं गणित चालत नाही. तिथे त्याच संहितेच्या कलम ४८३ खाली सत्र न्यायालय, मग उच्च न्यायालय. १८ ऑगस्ट २०२५ पासून रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना त्यासाठी उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, रायगडकरांना मुंबईच. चार्ज (आरोप) निश्चित झाला का, किती साक्षीदार तपासले, किती उरले, हे आकड्यांत लिहा. ‘४० पैकी दोन वर्षांत ३’ या एका ओळीत पानभर युक्तिवादापेक्षा जास्त बळ आहे. यूएपीएसारख्या (दहशतवादविरोधी) कडक कायद्यातही खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ च्या (जगण्याचा आणि व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क) आधारे जामीन देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयात के. ए. नजीब प्रकरणात २०२१ मध्ये ठरलं. त्यात आरोपी पाच वर्षांहून जास्त आत होता आणि २७६ साक्षीदार बाकी होते.

उशीर पटला तरी साक्षीदारांवर दबाव येण्याची भीती उरतेच. कोकणात फिर्यादी, साक्षीदार, आरोपी बऱ्याचदा एकाच वाडीतले. म्हणून खटला संपेपर्यंत तालुक्याबाहेर, मुंबईच्या नातेवाइकाकडे राहण्याची आणि तिथल्या पोलीस ठाण्यात हजेरीची अट अर्जातच सुचवा. राहण्याचा पत्ता आणि त्या नातेवाइकाचं संमतीपत्र जोडा.

आदेश झाला तरी सुटका जामीनदारावर अडते. सातबाऱ्यावर चुलत्यांसकट पंधरा नावं असली की एकट्याची ऐपत ठरवणं अवघड जातं. तहसीलच्या ऐपत दाखल्याची तयारी आधीच करा. आंबा बागेत राखणीला असलेल्या नेपाळी कामगाराला किंवा ट्रॉलरवरच्या परप्रांतीय खलाशाला स्थानिक जामीनदार कुठून मिळणार? रोख रकमेवर किंवा जातमुचलक्यावर (आरोपीच्या स्वतःच्या हमीवर) सोडण्याची विनंती पहिल्याच अर्जात करा. स्थानिक जामीनदाराचा आग्रह नको, असं सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ ला सांगितलं आहे. त्याच निर्देशांप्रमाणे सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं असतं, आणि महिन्याभरात जामीन भरता आला नाही तर कोर्ट स्वतःहून अट शिथिल करण्याचा विचार करू शकतं. कोठडीतल्या माणसाला प्राधिकरणाचा वकील मोफत मिळतो. उत्पन्नाचा दाखला लागत नाही.