ऑफ-रोड गाडी मॉडिफाय करताय? वॉरंटी घालवणाऱ्या या चुका टाळा

दरवर्षी जून संपता संपता माझ्या फोनवर तोच मेसेज येतो, फक्त पाठवणारा बदलतो. "दादा, सर्व्हिस सेंटरवाले वॉरंटी नाही म्हणतायत, काय करू?" मी हल्ली उत्तर देतच नाही, उलट विचारतो, काय काय लावलंयस ते आधी सांग. मग दोन मिनिटं शांतता आणि मग एकेक करून यादी बाहेर येते. लाइट बार (दिव्यांची लांब पट्टी), लिफ्ट किट (गाडी उंच करायचं सामान), मोठे टायर, हॉर्न, आणि शेवटी हळूच "एक छोटा ट्यूनिंग बॉक्स पण आहे", म्हणजे इंजिनची ताकद वाढवणारा डबा.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. ऑफ-रोडवाल्यांत दोन पंथ आहेत. एक म्हणतो साधा स्टिकर लावला तरी वॉरंटी गेली, दुसरा म्हणतो काय वाट्टेल ते लावा, काही होत नाही. दोन्ही फेकाफेकी. वॉरंटी अख्खी अशी क्वचितच जाते, बहुतेक वेळा ती पार्टप्रमाणे जाते. तुम्ही जिथे हात घातला तो पार्ट आणि त्याच्यामुळे ज्याच्यावर लोड आला तो पार्ट, एवढ्यावर वाद होतो. सस्पेन्शन बदललंत म्हणून एसीचा कॉम्प्रेसर नाकारला तर भांडा, मी पण येतो सोबत. पण सस्पेन्शन बदलून पुढचा अ‍ॅक्सल मागायला गेलात तर चहा पिऊन परत या.

हेडलाइटची वायर कापून लाइट बार लावणे

ही माझी सगळ्यात नावडती चूक. हिच्यावर जरा लांब लिहिणार आहे, कारण माझ्याच घरात झालीय.

माझ्या मावसभावाने मे महिन्यात डिझेल फोर बाय फोर घेतली. पेढे वाटून व्हायच्या आत साहेब रस्त्याकडेच्या एका दुकानात. मोठा लाइट बार, चार छोटे पॉड, वर ट्रकसारखा हॉर्न. दोन तासात सगळं फिट. मी म्हटलं अरे पहिली सर्व्हिस तरी होऊ दे, तर म्हणे दादा तू फार घाबरतोस. जुलैत ताम्हिणीला गेलो, मी त्याच्या मागच्या गाडीत. पाऊस असा की समोरचा बॉनेट दिसेना. तर याचे वायपर आपोआप बंद, मग दोन्हीकडचे इंडिकेटर एकदम चालू, मग डॅशबोर्डवर अख्खी दिवाळी. गाडी बंद करून परत चालू केली तर चावी ओळखेना. शेवटी फ्लॅटबेड बोलावला, रात्री अकरापर्यंत आम्ही टपरीच्या ताडपत्रीखाली कुडकुडत उभे.

सर्व्हिस सेंटरला बॉनेट उघडला तेव्हा मी तिथेच होतो. इलेक्ट्रिशियनने हेडलाइटची वायर मधे सोलून त्याला बारची वायर हाताने पिळून जोडली होती आणि वर काळी टेप. टेपचा गोंद इंजिनच्या गरमीने वितळून खाली ओघळलेला. आत तांब्याची हिरवी पावडर झालेली. आणि खरी गंमत पुढे, अशा सोललेल्या जागेतून पाणी वायरच्या आतल्या तारांच्या मधून सरकत सरकत पुढे जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं ना तसं, आणि थेट कनेक्टरपर्यंत पोचतं. ते बीसीएमच्या पिनांवर पोचलं होतं. बीसीएम म्हणजे लाइट, वायपर, लॉक या सगळ्यांचा जो एक डबा असतो तो. पिना हिरव्या आणि आतलं बोर्ड एका जागी काळं पडलेलं.

काळं का पडलं? हिशोब सोपा आहे. हेडलाइटचा साधा बल्ब ५५ वॉटचा, १२ व्होल्टवर साडेचार अँपियरच्या आसपास. बार १८० वॉटचा, म्हणजे १५ अँपियर. जी लाइन पाचेक अँपियरसाठी बनवलीय तिच्यातून तुम्ही एकूण वीस ओढताय, तेही कंपनीच्या डब्यातून. अ‍ॅडव्हायझरने मोबाईलवर चार फोटो काढले, जॉब कार्डला लावले आणि क्लेम नाही म्हणून सांगितलं. अडतीस हजारांचं बिल. भावाने आवाज चढवला, मी त्याला बाहेर घेऊन गेलो, कारण काय बोलणार? त्यांचं बरोबर होतं.

आता दुसरी बाजू. त्याच गाडीचा दिवाळीत ट्रान्सफर केसचा (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणारा डबा) ऑइल सील गळायला लागला. भाऊ घाबरत घाबरत गेला, फुकटात बदलून मिळालं, कोणी लाइट बारचा विषय पण काढला नाही. मी वर पार्टप्रमाणे म्हणालो ते हेच.

माझी पद्धत सांगतो, पटली तर घ्या. बॅटरीवरून थेट वेगळी लाइन, बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, मधे रिले (छोट्या करंटवर मोठी लाइन चालू-बंद करणारा स्विच), आणि रिलेला सिग्नलपुरती वायर कपलरमधून (वायर न कापता जोडायचा प्लग) घ्यायची. कंपनीच्या हार्नेसला, म्हणजे वायरच्या जुडग्याला, ब्लेड लागताच कामा नये. कपलरवाला तयार हार्नेस मिळतो, बारच्या किमतीपुढे ते पैसे काहीच नाहीत, पण लोकांना बार ब्रँडेड पाहिजे आणि वायरिंग फुकटात. बसवताना मी फोटो काढतो, फ्यूजचा आकडा दिसेल असे. आणि रस्त्यावर बारवर कव्हर, ती वेगळी शिस्त, समोरच्याला आंधळा करून तुम्ही काय मिळवता मला कळत नाही.

"सर्व्हिसच्या आधी काढून नेतो, त्यांना काय कळतंय"

कळतं. सगळं कळतं. आमच्या ट्रेलच्या मंडळींत एकाने इंजिनचं मॅप, म्हणजे डिझेल कधी किती सोडायचं तो प्रोग्रॅम, बदलून घेतलं होतं, टर्बोचा त्रास सुरू झाल्यावर ट्यूनरकडे जाऊन परत कंपनीचं मॅप टाकून घेतलं आणि साळसूदपणे सर्व्हिसला गेला. बऱ्याच ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, किती वेळा प्रोग्रॅम लिहिला गेला त्याचा काउंटर असतो. परत मूळ मॅप टाकलं की तो काउंटर आणखी एकने वाढतो. म्हणजे चोरी लपवायला गेलेला माणूस दुसरा ठसा सोडून आला. ट्यूनिंग बॉक्सवाले म्हणतात आमचं प्लग अँड प्ले आहे, काढलं की काही राहत नाही. तो बॉक्स ईसीयूला रेल प्रेशरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलच्या दाबाचा) खोटा आकडा दाखवून जास्त डिझेल ओढतो, त्यावर इंजेक्टर, टर्बो, क्लच, गिअरबॉक्स सगळ्यांनी ताण सोसलेला असतो. बॉक्स निघतो, झीज निघत नाही.

आणि मेकॅनिक आंधळा नसतो. बंपरच्या बोल्टवर पान्याचे ओरखडे, चेसिसवर एकाच पट्टीत चिखल नाही बाकी सगळीकडे आहे, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधली भिंत) एक जास्तीचं भोक ज्यात रबर पण नाही. एकदा खोटं सापडलं की पुढचा खरा क्लेम पण संशयाने बघतात, हे नुकसान मला सगळ्यात मोठं वाटतं. मी सरळ सांगतो, हे हे लावलंय, ही बिलं, ही तक्रार या भागाशी संबंधित नाही. निम्म्या वेळा काम होतं. इंजिनचं मॅप वॉरंटी संपेपर्यंत बदलू नका, यावर माझ्याकडे दुसरं मत नाहीये.

लिफ्ट किट: गाडी खालून कशी आहे ते न बघता

थार आणि गुरखा, म्हणजे आताच्या, यांचं पुढचं सस्पेन्शन इंडिपेंडंट आहे, म्हणजे दोन्ही चाकं वेगवेगळी वरखाली होतात. जिम्नीला पुढे मागे दोन्हीकडे अखंड अ‍ॅक्सल. दोघांना "दोन इंच लिफ्ट" हा शब्द सारखाच, परिणाम वेगळा. इंडिपेंडंटवाल्यात पुढचे हाफ शाफ्ट (चाकाला ताकद पोचवणारे दांडे) तिरके होतात, त्यांच्या टोकाच्या सांध्याचं, म्हणजे सीव्ही जॉइंटचं, रबर बूट घासतं, फाटतं, ग्रीस बाहेर, वाळू आत, आणि काही महिन्यात वळणावर कट कट आवाज. जिम्नीत अ‍ॅक्सल एका बाजूला सरकतो आणि कॅस्टर (स्टीअरिंगच्या अक्षाचा कल) बिघडतो, मग हायवेला स्टीअरिंग थरथरतं. दोन्ही बाबतीत लोक आधी "मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट" म्हणून ओरडतात. स्प्रिंगवर चकती ठेवून उंची वाढवणारे तर हात जोडून नमस्कार करण्यासारखे, उंची दिसते पण चाकाचा खालचा ट्रॅव्हल तेवढा कमी होतो. लिफ्ट करायचीच असेल तर पूर्ण किट, आणि दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट. तो रिपोर्ट जपून ठेवा.

मोठे टायर घालून ओडोमीटरवर विश्वास

२४५/७५ आर १६ च्या जागी २६५/७५ आर १६ घातले की चाकाचा व्यास जवळपास ४ टक्के वाढतो. म्हणजे मीटरवर १०,००० दिसतात तेव्हा गाडी १०,४०० च्या जवळ फिरलेली असते. सर्व्हिस उशिरा होते आणि तुम्हाला पत्ताच नाही. व्हील स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी चकती) लावून बेअरिंग मागणाऱ्यांना माझ्याकडे शब्द नाहीत. आणि टायरची स्वतःची वॉरंटी टायर कंपनीकडे असते, तिथे शोरूमशी हुज्जत घालू नका.

स्नॉर्केल लावला म्हणजे पाणबुडी झाली

थारला कंपनी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते, गुरखाला ७००. स्नॉर्केलने, म्हणजे छपरापर्यंत जाणाऱ्या हवेच्या नळीने, फक्त हवा वरून येते, अ‍ॅक्सलचे ब्रीदर (हवा सोडणारी तोंडं), अल्टरनेटर, दरवाज्याचे रबर तिथेच असतात. इंजिनात पाणी गेलं तर तो डिफेक्ट नाही, ती तुमची करामत. वॉरंटी विसरा, साध्या विम्यातही ते सहसा बसत नाही, इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. आणि विमा कंपनीला मॉडिफिकेशन आधी कळवून पॉलिसीवर नोंद करून घ्या, अपघातानंतर नाही.

शोरूममध्ये बसवलं म्हणजे कंपनीचं

नाही. डीलर बाहेरचा माल पण विकतो. बिलावर कंपनीचा पार्ट नंबर आहे का बघा, नसेल तर "याने वॉरंटीला बाधा येणार नाही" एवढं त्यांच्याकडून लेखी घ्या. लिहून द्यायला का कू केली तर समजून जा.

अमेरिकन व्हिडिओ बघून कायदा शिकवणे

"मॉडमुळे बिघडलं हे कंपनीने सिद्ध करायचं" हे वाक्य तिकडच्या १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्यावरून आलंय, आणि व्हिडिओत ते सांगतात तेवढं तिकडे तरी सोपं आहे का देव जाणे. आपल्याकडे तो लागू नाही. जवळपासचं म्हणायचं तर स्पर्धा आयोगाने २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना सांगितलं होतं की बाहेरच्या गॅरेजात काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं बिघडलं तेवढ्यापुरतीच नाकारा. कंपन्या त्यावर अपिलात गेल्या. आणि तो विषय रिपेअरचा होता, तुमच्या लिफ्ट किटचा नाही.

उलट मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ बघा. कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल चालणार नाही असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय, आणि २०१९ च्या दुरुस्तीत बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आलंय. लोखंडी बुल बारवर तर केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितलं. एअरबॅगच्या सेन्सरपुढे लोखंड उभं करून वर एअरबॅगची वॉरंटी मागणारे भेटलेत मला.

तोंडी नकार ऐकून घरी येणे

क्लेम नाकारला तर काउंटरवर आरडाओरडा करू नका. जॉब कार्डवर लिहून मागा, कुठला पार्ट, कुठल्या बदलामुळे, कसा बिघडला. "बाहेरचं सामान आहे" हे कारण नाही. हे तीन प्रश्न शांतपणे विचारले की बरेच अ‍ॅडव्हायझर आत जाऊन मॅनेजरशी बोलून येतात. नाहीच झालं तर कंपनीला मेल, मग ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. तिथे गाडीची किंमत ५ लाखांच्या आत असेल तर फी नाही, पण आपल्या गाड्या तेवढ्यात येत नाहीत, त्यामुळे थोडी फी धरून चला. बिलं आणि फोटो नसतील तर मात्र जाऊच नका.

काढलेले ओरिजिनल पार्ट भंगारात देऊ नका हे राहिलंच. माझ्या माळ्यावर बंपर, स्प्रिंगा, चार शॉकअप आहेत, प्रत्येकाला चिठ्ठी, काढल्याची तारीख आणि किलोमीटर. बायको दर गणपतीत मखर काढताना बोलते, ऐकून घेतो. भावाचा तो लाइट बार आता गावाला गोठ्यावर लागलाय, ट्रॅक्टरच्या जुन्या बॅटरीवर. रिले आणि फ्यूज लावून, मी स्वतः बसवलाय.