छोट्या पेट्रोल इंजिनात नॉकिंग येतंय? पेट्रोल आणि प्लग बदलायच्या आधी या चुका टाळा

जनरेटर असो, पाण्याचा पंप असो नाहीतर गवत कापायचं मशीन, इंजिनमधून टकटक (म्हणजेच नॉकिंग) ऐकू आली की सल्ले ठरलेले असतात, भारीतलं पेट्रोल टाक नाहीतर प्लग बदल. लोक दोन्ही करतात आणि आवाज तसाच राहतो, कारण आवाज नेमका कशाचा आहे हे कुणी बघितलेलंच नसतं. माझ्या मते पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक हीच.

आवाज मुळात दोन जातीचे. एक जळण्याचा. स्पार्क पडल्यावर मिश्रण प्लगपासून पुढे पुढे जळत जायला हवं, पण दाब आणि गरमी जास्त झाली की कडेला उरलेलं मिश्रण ज्वाळ पोचायच्या आधीच आपोआप भडकतं आणि तो धक्का पिस्टनवर आणि हेडवर (सिलेंडरच्या वरच्या झाकणावर) बसतो. हा आवाज बारीक, किणकिणता, पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा, लोड आला की येतो आणि लोड काढला की बहुतेक वेळा जातो. दुसरा ढिल्या पार्टचा. तो जाड, ठक ठक, इंजिनच्या फेऱ्यांबरोबर ठेका धरून येणारा, लोड नसतानाही असतो आणि रेस सोडताना बऱ्याचदा वाढतो. या दुसऱ्याला कुठलंही पेट्रोल टाका, काडीचा फरक पडत नाही. थंड असताना ठकठक आणि गरम झाल्यावर कमी, असं असेल तर पिस्टन-सिलेंडरमधली झीज असू शकते, ते थोडं सबुरीने घेतलं तरी चालतं.

आणि हो, हेड खोलायच्या आधी पाना घेऊन बाहेरचे बोल्ट बघा राव. इंजिन बसवलेले बोल्ट, सायलेन्सर, पंख्यावरचं कव्हर, कापणीचं पातं, यातलं एखादं ढिलं असलं तरी आवाज अगदी आतून आल्यासारखा वाटतो.

ठक ठक जाड असेल तर "चालतंय तोवर चालवू" हे डोक्यातून काढा. बऱ्याच छोट्या इंजिनांत ऑइल पंप नसतो, रॉडच्या (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे फिरणाऱ्या मुख्य दांड्याशी, जोडणारा भाग) खालची दांडी ऑइलमध्ये बुडून ते उडवते तेवढंच काय ते, आणि ॲल्युमिनियमचा रॉड मध्ये वेगळं बेअरिंग न घेता थेट क्रँकवर फिरतो, म्हणजे ऑइलची पातळी खाली गेली की पहिला मार रॉडलाच. तेव्हा आधी इंजिन बंद करा, मशीन सपाट जागेवर ठेवा, ऑइल बघा. काळं असेल तर स्वच्छ भांड्यात काढून टॉर्च मारा, चंदेरी चकाकी तरंगताना दिसली तर चालवणं बंदच.

रॉडचा प्ले (ढिलेपणा) घरी तपासता येतो. प्लगची वायर काढून लांब बांधा, प्लग काढा, प्लगच्या भोकातून पिस्टनवर एक लांब लाकडी काडी टेकवा (आत पडणार नाही एवढी लांब) आणि फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचं जड चाक) हाताने मागे-पुढे अगदी थोडं हलवा. पिस्टन मात्र अगदी वरच्या टोकाला ठेवू नका, तिथे तो तसाही फारसा हलत नाही आणि चांगल्या इंजिनातही प्ले असल्यासारखं वाटतं, अर्ध्या उंचीवर ठेवा. फ्लायव्हील थोडं फिरतंय, काडी जागची हलत नाहीये आणि बोटांना हलकीशी टक जाणवतेय, तर रॉड किंवा पिस्टन पिन गेलीय, इंजिन खोलावंच लागणार.

आता किणकिण असेल तर. इंजिन गरम होऊ द्या, लोड टाका, आवाज आला की चोक (आत जाणारी हवा कमी करणारी झडप) किंचित ओढा. आवाज कमी झाला तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय: कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल यायचं बारीक भोक) तुंबलाय, कार्ब्युरेटर आणि हेडच्या मधलं पॅकिंग हवा घेतंय, नाहीतर महिनोन् महिने टाकीत पडलेल्या पेट्रोलचा चिकटा आत बसलाय. इथे लोक मस्त शॉर्टकट मारतात, चोक अर्धा ओढूनच ठेवतात. आवाज जातो खरा, पण जादा पेट्रोल सिलेंडरवरची ऑइलची फिल्म धुऊन टाकतं आणि पुढे पिस्टन-रिंगा झिजतात. जेट साफ करा, तोही हवेने किंवा क्लीनरने, तार घालून नको, भोक मोठं झालं की दुसरीच भानगड.

कार्बनचं तसंच. इंजिन ऑइल जाळत असेल तर हेडवर थर बसतो, कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते प्रमाण) वाढतं, आणि थराचा एखादा लालबुंद कोपरा स्पार्कच्या आधीच मिश्रण पेटवतो. स्विच बंद केल्यावरही इंजिन दोन-चार गचके देत असेल तर हा संशय घ्या. खरवडायला लाकूड किंवा प्लास्टिक वापरा, हेडचं गॅस्केट नवीन टाका, आणि बोल्ट तिरपे समोरासमोरचे, टप्प्याटप्प्याने टॉर्क रेंचने आवळा.

ज्या चुकीकडे जवळपास कुणाचंच लक्ष जात नाही ती फ्लायव्हीलच्या 'की'ची (फ्लायव्हील क्रँकवर जागच्या जागी धरणारी छोटी पट्टी). पातं दगडावर आपटून मशीन झटक्यात थांबलं तर क्रँक थांबतो पण जड फ्लायव्हील पुढे जायला बघतं, मऊ धातूची ती की अर्धवट कातरते, फ्लायव्हीलवरचं चुंबक स्पार्क देणाऱ्या कॉइलपाशी लवकर पोचतं आणि टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे स्पार्क वेळेआधी पडतो. मग नॉकिंग येतं, दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसतो, आणि आपण आपले कार्ब्युरेटर साफ करत बसतो. फ्लायव्हील काढून की बघा, कडेला जराशी पायरी दिसली तरी बदला. स्वस्त पार्ट आहे.

थंड राहण्यासाठीचं कव्हर "हवा लागू दे" म्हणून काढून ठेवणं हाही उलटा उद्योग. त्या कव्हरमुळेच पंख्याची हवा फिन्समधून (सिलेंडरवरच्या थंड ठेवणाऱ्या पातळ पट्ट्यांमधून) जाते. कव्हर काढा, फिन्समधलं गवत-माती झाडा, आणि परत बसवा.

जनरेटरवाल्यांनी पेट्रोल वाचवायला गव्हर्नर (फेऱ्या ठरावीक ठेवणारा भाग) खाली ओढू नये. दोन पोलच्या जनरेटरला ५० हर्ट्झसाठी ३००० आरपीएम लागतातच, कमी फेऱ्यांवर पूर्ण लोड टाकला की इंजिन घुसमटतं आणि किणकिणतं, वर व्होल्टेजचाही बोऱ्या.

ऑक्टेनचं (पेट्रोल आपोआप भडकायला किती विरोध करतं त्याचा आकडा) शेवटी सांगतोय कारण त्याचा नंबर शेवटीच लागायला हवा. या इंजिनांचं कॉम्प्रेशन बहुतेक वेळा ८ च्या आसपास असतं, साधं पेट्रोल त्याला पुरतं (मॅन्युअलमधला आकडा बघून घ्या). भारी पेट्रोलने किणकिण थांबली तर आत कार्बन, गरमी नाहीतर टायमिंगची गडबड अजून आहेच, फक्त ऐकू येत नाहीये. प्लग मात्र बदलण्यापेक्षा आधी वाचा: टोक फिकट बदामी असेल तर ठीक, पांढरंफटक किंवा फोड आल्यासारखं असेल तर इंजिन जास्त तापतंय, आणि त्यावर बारीक चंदेरी ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम असू शकतं, त्या दिवशी परत दोरी ओढू नका.