वारंवार बंद पडणारी स्पोर्ट्स कार: दुरुस्त करत राहायची की सोडून द्यायची, हे कसे ठरवावे

बहुतेक मालक हा निर्णय नेमक्या चुकीच्या वेळी घेतात. गाडी टोइंगच्या ट्रकवर चढत असताना ती विकून टाकावीशी वाटते, आणि दुरुस्तीनंतर पहिल्याच मोकळ्या रस्त्यावर इंजिनाचा आवाज चढला की ती आयुष्यभर ठेवावीशी वाटते. त्यामुळे यांपैकी कोणत्याही दिवशी काही ठरवू नये. गाडी चालू स्थितीत असावी, हातात जुनी सगळी बिले असावीत आणि मन शांत असावे, अशा वेळी विचाराला बसावे.

सर्वप्रथम खर्चिक देखभाल आणि बेभरवशाची गाडी या दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. फेरारी एफ३५५ चा टायमिंग बेल्ट, म्हणजे इंजिनातील व्हॉल्व्हची उघडझाप वेळेवर ठेवणारा पट्टा, बदलायचा तर नेहमीच्या पद्धतीने इंजिनच खाली उतरवावे लागते. ते काम महाग आहे, पण ठरलेले आहे, आणि ते वेळेवर केले म्हणून गाडीला बदनाम करणे योग्य नाही. टायर, ब्रेक, क्लच आणि बेल्ट यांची बिले बाजूला काढून ठेवल्यावर जी बिले उरतात, तीच या निर्णयाशी संबंधित आहेत. कित्येकदा ही छाननी केल्यावर लक्षात येते की गाडी दगा देत नव्हती, तर आपल्याला तिचा खर्च पेलवत नव्हता. तो प्रश्नही खरा आहे. पण त्याचे उत्तर मेकॅनिककडे नसून आपल्या मिळकतीत आहे.

उरलेल्या बिलांमध्ये एकच गोष्ट शोधायची: बिघाडाला नाव आहे का? ज्याचे कारण सर्वांना ठाऊक आहे आणि उपाय एकदाच करावा लागतो, असा दोष कितीही मोठा असला तरी त्याला शेवट असतो. पोर्शेच्या ९८६ बॉक्स्टर आणि ९९६ पिढीच्या साध्या ९११ मधील इंटरमीडिएट शाफ्टचे (क्रँकची गती कॅमशाफ्टकडे नेणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग हे याचे ठळक उदाहरण आहे. ते निकामी झाले तर अख्खे इंजिन जाऊ शकते; मात्र यांपैकी बहुतेक इंजिनांत, क्लच बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवलेला असताना ते सुधारित बेअरिंगने बदलता येते. बीएमडब्ल्यूच्या ई४६ एम३ मध्ये मागील सबफ्रेम (मागचे सस्पेन्शन धरणारी चौकट) जिथे जोडलेली असते तिथल्या पत्र्याला तडे जातात. तिथे मजबुतीच्या पट्ट्या वेल्ड करून घेतल्या की तो विषय सहसा मिटतो. अशा दोषांपायी गाडी सोडण्याची घाई करू नये.

याउलट, ज्या बिघाडाचे कारण सापडत नाही आणि प्रत्येक वेळी अंदाजाने एखादा सेन्सर बदलून गाडी परत येते, तिथे सावध व्हावे. तरीही शरणागती पत्करण्याआधी स्वस्त कारणे नीट तपासून घ्यावीत. बॅटरीपासून चॅसीपर्यंत जाणारी अर्थची केबल सोडवून तिचा बोल्ट आणि खालचा पत्रा पाहावा; तिथे हिरवट-पांढरी भुकटी जमलेली असेल, तर महिनोन्‌महिने छळणारा विजेचा दोष सँडपेपरने घासून दूर होण्याची शक्यता असते. इंजिन बंद करून काही तास झाल्यावर चांगली बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना हा आकडा साधारण १४ च्या आसपास असावा लागतो. इतक्या साध्या मोजणीअभावी चांगल्या गाड्या मातीमोल भावाने विकल्या जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

इंजिनाबद्दल मत बनवण्याआधी लीकडाउन चाचणी, म्हणजे सिलिंडरमधून हवा किती गळते याची तपासणी, अवश्य करून घ्यावी, आणि शक्य असल्यास ती चालू असताना स्वतः शेजारी उभे राहावे. पिस्टन सर्वांत वरच्या स्थितीत आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि ती कुठून निसटते हे कान देऊन ऐकतात. सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवेच्या मार्गातून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल भरण्याच्या तोंडातून आली तर पिस्टन रिंग किंवा सिलिंडरची भिंत, आणि कूलंटमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट किंवा हेडला गेलेला तडा. त्याच वेळी जुना ऑइल फिल्टर कापून त्याचा कागद उलगडून पाहावा. त्यात चमचमणारा चुरा दिसला तर लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारा चुरा पोलादी भागांचा असतो, तर न चिकटणारा बहुधा क्रँकच्या बेअरिंगचा किंवा ॲल्युमिनियमच्या भागांचा असतो. पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी रोटर असलेल्या रोटरी इंजिनाची गोष्ट वेगळी आहे. माझदा आरएक्स-८ गरम असताना सुरू होत नसेल, तर आधी इग्निशन कॉइल आणि स्टार्टर तपासावेत. त्यानंतर रोटरच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणाऱ्या खास उपकरणाने कंप्रेशन (इंजिनात हवा दाबली जाताना तयार होणारा दाब) मोजून घ्यावे. तिथेही आकडे कमी आले, तर इंजिन नव्याने बांधण्यावाचून खात्रीचा उपाय नाही.

गाडी सोडण्याची माझ्या मते तीन भक्कम कारणे आहेत. सांगाड्याला लागलेला गंज हे पहिले, कारण सिल (दारांखालची पत्र्याची पट्टी) आणि सस्पेन्शनच्या जोडण्या पोखरल्या गेल्या की पत्रा उघडल्यावर काम बहुधा अंदाजापेक्षा मोठेच निघते आणि गाडीची सुरक्षितताही जाते. ज्याच्याविना गाडी चालत नाही असा भाग बनणे बंद झालेला असणे आणि जुनाही न मिळणे, हे दुसरे. तिसरे कारण बिलांत दिसत नाही: लांबचा प्रवास ठरला की आपण न बोलता दुसऱ्या गाडीची किल्ली उचलतो. दुरुस्ती होऊनही ही सवय मोडत नसेल, तर विश्वास संपलेला आहे आणि पुढचा पार्ट तो परत आणणार नाही.

हिशेब मांडताना आजवर घातलेला पैसा त्यात धरू नये. तो गाडी ठेवली तरी गेला आणि विकली तरी गेला. आजच्या स्थितीत गाडीचे किती येतील, समोर दिसणारे काम केल्यावर किती येतील आणि त्या कामाला किती लागतील, एवढेच पाहावे. सोबत एक लेखी मर्यादा आणि एक तारीख ठरवावी, आणि ती घरातल्या कोणाला तरी सांगून ठेवावी, कारण स्वतःशी केलेला करार मोडायला फार वेळ लागत नाही.

विकायचे ठरलेच, तर शक्यतो गाडी चालू असताना विकावी. बंद गाडीची किंमत दोष किरकोळ असला तरी कोसळते. न सुटलेला दोष घेणाऱ्याला लेखी कळवावा, चाचण्यांचे आकडे आणि बिलांची फाइल सोबत द्यावी. इंजिन पूर्ण गेलेले असेल, तर गिअरबॉक्स, सीट, चाके आणि धड बॉडी पॅनेल यांचे सुटे मोल आधी काढून पाहावे, कारण काही वेळा ते अख्ख्या गाडीला मिळणाऱ्या किमतीपेक्षा जास्त भरते.