उन्हाळी पिकांतील ओलावा सेन्सर : आधी फट बुजवा, मग आकडा पाहा

उन्हाचा कडाका वाढू लागताच भारी जमीन आकसते आणि हंगामाच्या सुरुवातीला घट्ट बसवलेल्या ओलावा सेन्सरभोवती सुतळीएवढी फट पडते. एवढ्याशा फटीपायी उभी पिके हातची गेलेली मी पाहिली आहेत. म्हणून या आठवड्यात बाकी कामे मागे ठेवून प्रत्येक सेन्सर उकरून पाहावा.

बहुतेक सेन्सर पाणी थेट मोजत नाहीत, तर मातीचा परावैद्युतांक, म्हणजे विद्युत ऊर्जा साठवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, मोजतात. तो पाण्याचा सुमारे 80, कोरड्या मातीचा 3 ते 5 आणि हवेचा 1 असतो. फटीत हवा शिरली की मोबाईलवरचा आकडा घसरतो, स्वयंचलित व्हॉल्व्ह उघडाच राहतो आणि मुळे कुजू लागतात. उलट ठिबकचे पाणी त्याच फटीतून खाली उतरले, तर आकडा चढतो, व्हॉल्व्ह बंद होतो आणि वीतभर अंतरावरची मुळे तहानलेली राहतात. मिरचीच्या एका प्लॉटमध्ये ओलावा पुरेसा दिसत असताना झाडांनी सकाळीच माना टाकल्या होत्या. गिरमिटाने 20 सेंटिमीटरवरची माती काढून मुठीत आवळली, तर तिचा गोळा होईना. सेन्सर उपसला तेव्हा त्याची एक बाजू चिखलाने माखलेली आणि दुसरी कोरडी ठणठणीत होती.

फट बुजवण्यासाठी त्याच खोलीवरची माती खडे काढून पाण्यात कालवावी, तो राडा भोकात ओतून सेन्सर दाबून बसवावा आणि पाण्याच्या दोन-तीन पाळ्या होईपर्यंत आकड्यावर विसंबू नये. विक्रेते यासाठी महागडे मिश्रण किंवा जादा सेन्सर गळ्यात मारतात. त्यांची गरज नाही, कारण शेतातल्या मातीशी शेतातलीच माती उत्तम जुळते. एक सेन्सर 15 ते 20 आणि दुसरा 40 ते 45 सेंटिमीटर खोलीवर, ड्रिपरपासून (थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोटीपासून) 10 ते 15 सेंटिमीटर अंतरावर असावा. खत सोडल्यावर क्षारांमुळे आकडा फुगतो, हेही ध्यानात ठेवावे.

टेन्शिओमीटर ही पाण्याने भरलेली नळी असते; मुळांना मातीतून पाणी ओढायला किती जोर लागतो ते ती सेंटिबारमध्ये दाखवते. तिच्यावर 10 ते 30 सेंटिबार म्हणजे साधारण वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी. हलक्या जमिनीत 20 ते 30 आणि भारी जमिनीत 50 ते 60 सेंटिबारला पाणी द्यावे, मात्र पिकानुसार ही मर्यादा बदलते. काटा 80 च्या पुढे गेल्यास नळीत हवा शिरते व ती पुन्हा भरावी लागते.

पाणी दिलेले नसताना पहाटेच्या आणि दुपारच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली, तर मी फट पडली असे धरतो. हा प्रयोगशाळेचा निकष नाही, शिवारातला अंदाज आहे. तरीही अशा वेळी उकरून पाहावेच.

नेहमीची कामे :
- फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबात प्रति चौरस सेंटिमीटर 0.5 किलोचा फरक पडताच फिल्टर धुणे.
- लॅटरलची (ठिबकच्या बारीक नळ्यांची) टोके उघडून गाळ काढणे.
- वॉटर मीटरचा प्रवाह वाढल्यास फुटलेली नळी, घटल्यास तुंबलेले ड्रिपर शोधणे.
- बॅटरी व अँटेना तपासणे.

उष्णतेच्या लाटेचा इशारा आला आणि सेन्सर तपासून झाले नसतील, तर व्हॉल्व्ह स्वयंचलित ठेवू नयेत; रोज सकाळी गिरमिटाने माती काढून, मुठीत आवळून, हातानेच पाणी सोडावे.