साखरेची फुलं शिकताय? सुरुवात चाफ्यापासून करा

केक सजवायला शिकणाऱ्या बहुतेक जणी पहिल्याच दिवशी गुलाब करायला घेतात. मीही घेतला. तीन आठवडे झाले तरी केकवर ठेवावा असा एकही जमला नाही. मग एक दिवस पांढरा चाफा आणून ओट्यावर ठेवला, त्याच्या पाकळ्या एकेक करून सुट्या केल्या, आणि गमपेस्ट, म्हणजे फुलं करायची ताठ वाळणारी साखरेची कणीक, हाताला कळायला लागली. म्हणून नव्यांना मी चाफाच सांगते.

गमपेस्ट विकत मिळते, पण घरीही होते. पाव किलो फॉन्डंटला (केकवर पसरतात ती मऊ साखरेची कणीक) एक छोटा चमचा सीएमसी पावडर (खायच्या डिंकासारखी असते ती) घाला, हाताला किंचित वनस्पती तूप लावून मळा आणि प्लास्टिकमध्ये घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा. नुसत्या फॉन्डंटची पाकळी मऊच राहते. सीएमसीमुळे ती ताठ उभी राहते.

ओट्यावर कॉर्नफ्लोअर भुरभुरवून पेस्ट पातळ लाटा आणि थेंबाच्या आकाराच्या पाच पाकळ्या कापा. हातात एक असेल तेव्हा बाकीच्या झाकलेल्या हव्यात, नाहीतर त्यांच्यावर साय धरते आणि कडा तडकतात. पाकळी फोमच्या तुकड्यावर ठेवून बॉल टूल, म्हणजे टोकाला गोळी असलेली काडी, अर्धं कडेवर, अर्धं फोमवर असं हलकेच फिरवा. मग पाचही पाकळ्या पंख्यासारख्या मांडा, एकीची कड दुसरीवर चढवत. खालच्या टोकांना ओलं बोट लावा. पंखा गुंडाळून पहिली पाकळी शेवटचीखाली सरकवा आणि देठाशी चिमटीत दाबा. चाफ्याचा पीळ आपोआप येतो. अंड्याच्या ट्रेमध्ये वाळू द्या. पिवळा रंग वाळल्यावरच, कोरड्या ब्रशने, आतून बाहेर.

खरी कसोटी वाळवण्याची. हलव्याला काटा थंडीतच चांगला येतो, असं आजी म्हणायची. मला ते मुंबईच्या जुलैत पटलं. साखर हवेतलं पाणी ओढते. डिसेंबरात एका रात्रीत खडखडीत होणारं फूल पावसाळ्यात तीन दिवसांनीही वाकतं. अशाच एका पावसाळ्यात बारशाच्या केकवर दुपारीच फुलं लावली आणि केक फ्रिजमध्ये ठेवला. संध्याकाळी बाहेर काढताच पाकळ्यांवर दव धरलं, आणि पाहुणे येईपर्यंत सगळी फुलं व्हिप्ड क्रीममध्ये आडवी झाली. बाळाच्या आईचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

तेव्हापासून फुलं फ्रिजमध्ये कधीच ठेवत नाही. हवाबंद डबा, त्यात सिलिका जेलची पुडी, फुलांना न चिकटेल अशी. बुडाला वितळवलेल्या चॉकलेटचा लेप देते, म्हणजे क्रीमचा ओलावा वर चढत नाही. आणि लावते अगदी शेवटी.

चाफा हातात बसला की तारेवरच्या गुलाबाकडे वळा. तारेची जाडी गेजमध्ये मोजतात; गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. लहान पाकळीला 26 किंवा 28 गेज पुरते, गुलाबाच्या देठाला 20 लागते. तार थेट केकमध्ये खुपसू नका. आधी स्ट्रॉचा तुकडा खोचा आणि देठ त्यात बसवा. तारेची फुलं किती आहेत तो आकडा डब्याच्या झाकणावर लिहा, आणि केक कापण्याआधी तेवढी मोजून काढायची हे घेणाऱ्याला तोंडीही सांगा.